डिमॉनिक रिझरेक्शन

डिमॉनिक रिझरेक्शन हा मुंबई येथील मेटल बँड आहे. गायक व गिटारवादक साहिल मखिजा यांनी इ.स. २००० मध्ये त्याची स्थापना केली. बँडची गीते इंग्रजीत असून त्याचे संगीत डेथ मेटल, ब्लॅक मेटल आणि सिम्फनिक मेटल या प्रकारांच्या संगमातून घडलेले आहे. बँडने स्वतःच्या शैलीला ‘डिमॉनिक मेटल’ असे नाव दिले. भारतातील दीर्घकाळ टिकलेल्या मेटल बँडमध्ये त्याची गणना होते. युरोपीय नमुन्यांवर आधारलेल्या आरंभीच्या संगीतापासून विष्णूच्या दहा अवतारांवरील ‘दशावतार’ (२०१७) या अल्बमपर्यंत बँडच्या ध्वनीत मोठा बदल झाला. या बदलामुळे भारतीय मेटल संगीताच्या अभ्यासात हा बँड महत्त्वाचा ठरतो.

नाव

बँडच्या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ ‘राक्षसी पुनरुत्थान’ असा होतो. मृत्यू, युद्ध, राक्षस आणि अंधार यांच्या प्रतिमा वापरणे ही मेटल संगीताची जुनी रूढी आहे. तिच्याकडे साहित्यातील भयानक व वीर या रसांच्या अंगाने पाहणे अधिक योग्य ठरते; अशा नावामागे उपासनेचा किंवा श्रद्धेचा दावा असतोच असे नाही. मखिजा हे ‘डीमनस्टीलर’ या टोपणनावाने वावरतात. बँडचा पहिला अल्बम आणि मखिजा यांची ध्वनिमुद्रण संस्था यांनाही हेच नाव आहे.

पार्श्वभूमी

मेटल संगीताचे प्रकार

हेवी मेटलचा उगम साधारणपणे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० मधील पहिल्या अल्बमपासून मानला जातो. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मेटॅलिका, स्लेयर आदी बँडनी त्याची गती वाढवली व त्यातून थ्रॅश मेटल हा प्रकार उदयास आला. त्याच सुमारास जर्मनीत क्रिएटर, सोडोम आणि डिस्ट्रक्शन या बँडनी थ्रॅशचे अधिक खडबडीत रूप पुढे आणले. थ्रॅशमधून पुढे दोन मुख्य शाखा फुटल्या. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडा राज्यात, डेथ मेटल वाढले. नॉर्वेत १९९० च्या दशकात ब्लॅक मेटल बहरले. या दुसऱ्या शाखेत कीबोर्डच्या साहाय्याने वाद्यवृंदासारखा भरीव नाद निर्माण करणाऱ्या उपप्रकाराला सिम्फनिक ब्लॅक मेटल म्हणतात. एम्परर आणि डिम्मू बोर्गिर हे त्यातील प्रसिद्ध नॉर्वेजियन बँड होत.

या संगीतातील काही तंत्रे नवख्या श्रोत्याला अपरिचित वाटतात. ‘ग्राउल’ म्हणजे घशातील मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंपित करून काढलेला खर्जातील घोगरा आवाज. ‘ब्लास्ट बीट’ म्हणजे ड्रमवर अतिद्रुत लयीत सलग केलेले समान आघात. ‘डबल बास’ प्रकारात वादक दोन्ही पायांनी मोठ्या ड्रमवर आळीपाळीने आघात करतो. गिटारचा नाद विद्युत् उपकरणांच्या साहाय्याने मुद्दाम फाटका केलेला असतो. गाण्याचा पाया ठरणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान गिटार-आकृतीला ‘रिफ’ म्हणतात.

मुंबईतील परिस्थिती

मुंबईत रॉक संगीताची परंपरा जुनी आहे. १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा वार्षिक महोत्सव सुरू झाला. धोबीतलावजवळील रंगभवन हे खुले नाट्यगृह अशा कार्यक्रमांचे प्रमुख केंद्र होते. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवासाठीही ते ओळखले जाई. १९९३ मध्ये अलाहाबाद येथून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू केले. आंतरजाल घरोघरी पोहोचण्यापूर्वी निरनिराळ्या शहरांतील बँड आणि श्रोते यांना एकमेकांची माहिती मिळण्याचे ते महत्त्वाचे साधन होते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० लागू झाल्यानंतर परिस्थिती बदलली. या नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो, तसेच रात्री दहानंतर खुल्या जागी ध्वनिवर्धकावर निर्बंध येतात. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय व रुग्णालय असल्याने तेथील संगीताचे कार्यक्रम थांबले. रुग्ण व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हा नियम आवश्यक होता. मात्र शहरातील नव्या बँडना परवडणारा एक मोठा मंच त्यामुळे नाहीसा झाला. जुहू येथील रॅझबेरी ऱ्हायनोसेरस यांसारख्या बंदिस्त जागांना त्यानंतर अधिक महत्त्व आले. डिमॉनिक रिझरेक्शनची पहिली वर्षे याच काळातील आहेत.

स्थापना आणि पहिला अल्बम

बँडचा ‘डीमनस्टीलर’ हा पहिला अल्बम स्थापनेच्याच वर्षी, म्हणजे २००० मध्ये आला. त्या काळी भारतातील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना अशा संगीतात रस नव्हता. व्यावसायिक स्टुडिओतील तंत्रज्ञांनाही फाटक्या नादाची गिटार व अतिद्रुत ड्रम यांच्या मुद्रणाचा फारसा अनुभव नसे. त्यामुळे मेटल बँडना बहुतेक कामे स्वतःच शिकावी लागली. मखिजा यांनी संगणकाच्या साहाय्याने घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत अवलंबिली. पुढे त्यांनी डीमनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची संस्था सुरू करून स्वतःच्या व इतर भारतीय बँडच्या अल्बमचे प्रकाशन केले. बँडच्या ध्वनीतील पुढील बदल समजून घेताना ही साधनांची बाजू लक्षात घ्यावी लागते. मुद्रणतंत्र जसजसे हाती आले, तसतशी संगीतातील गुंतागुंतही वाढत गेली.

‘डार्कनेस’ त्रयी (२००५–२०१०)

पहिल्या अल्बमनंतर पाच वर्षांनी ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) हा दुसरा अल्बम प्रकाशित झाला. त्यानंतर ‘बियॉन्ड द डार्कनेस’ (२००७) हे लघुमुद्रण आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) हा तिसरा अल्बम आला. तिन्हींच्या शीर्षकांत अंधार हा समान धागा असल्याने त्यांना एकत्रितपणे ‘डार्कनेस त्रयी’ म्हटले जाते.

त्रयीच्या आरंभी बँडवर सिम्फनिक ब्लॅक मेटलचा प्रभाव स्पष्ट दिसतो. कीबोर्डची सलग पार्श्वभूमी, त्यावर गिटारची द्रुत आवर्तने आणि ग्राउलच्या जोडीला अधूनमधून येणारे सरळ, सुरेल गायन अशी रचना त्यात आढळते. कर्कश व सुरेल आवाज एकाच गायकाने आलटून-पालटून वापरणे हे बँडचे पुढेही कायम राहिलेले वैशिष्ट्य होय.

‘द रिटर्न टू डार्कनेस’ मध्ये हीच सामग्री अधिक विस्तृत रूपात येते. गाणी लांब झाली, एकाच गाण्यात लय वारंवार बदलू लागली आणि एकल गिटारवादनाला अधिक वाव मिळाला. या अल्बममध्ये मखिजा यांच्यासह डॅनियल रेगो (गिटार), हुसैन बंदूकवाला (बास गिटार), मेफिस्टो (कीबोर्ड) आणि वीरेंद्र कैथ (ड्रम) यांचा सहभाग होता. ‘द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेंजन्स’ हे त्यातील विशेष गाजलेले गीत होय. परदेशात हा अल्बम कॅण्डललाइट रेकॉर्ड्स या ब्रिटिश संस्थेने प्रकाशित केला.

परदेशातील मंच

२०१० हे वर्ष बँडच्या वाटचालीत निर्णायक ठरले. त्या वर्षी नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ या मेटल महोत्सवात बँडने वादन केले. ज्या देशातील संगीत ऐकून बँडची शैली घडली, त्याच देशातील श्रोत्यांसमोर ते सादर करण्याची ही संधी होती. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘मेटल हॅमर’ या नियतकालिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांमध्ये बँडला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. पुढे ब्रिटनमधील ‘ब्लडस्टॉक’ आणि जर्मनीतील ‘वाकेन ओपन एअर’ (२०१४) या महोत्सवांतही बँडचे कार्यक्रम झाले. उत्तर जर्मनीतील वाकेन या लहानशा खेड्यात १९९० पासून भरणारा हा महोत्सव जगातील सर्वांत मोठ्या मेटल महोत्सवांपैकी एक आहे.

‘द डीमन किंग’ (२०१४)

चौथा अल्बम ‘द डीमन किंग’ हा एकाच कल्पनेभोवती गुंफलेला आहे. हत्येने सुरू होणाऱ्या, विध्वंसाच्या मार्गाने जाणाऱ्या आणि राक्षसराजापाशी येऊन थांबणाऱ्या कथेचे टप्पे गीतांच्या शीर्षकांतूनही दिसतात. निशिथ हेगडे यांचे प्रमुख गिटारवादन आणि अश्विन श्रीयान यांचे बासवादन हे या काळातील संचाचे वैशिष्ट्य होते.

ध्वनीच्या दृष्टीने हा अल्बम आधीच्या अल्बमपेक्षा अधिक द्रुत आणि आक्रमक आहे. ड्रमचे आघात अधिक दाट झाले. कीबोर्ड पूर्वी गाण्याला व्यापून असे. येथे तो गिटारच्या मागे उभा राहतो. ब्लॅक मेटलकडून डेथ मेटलकडे झुकण्याची ही प्रक्रिया होती.

‘दशावतार’ (२०१७)

१५ मार्च २०१७ रोजी प्रकाशित झालेल्या ‘दशावतार’ या पाचव्या अल्बममध्ये दहा गीते असून प्रत्येक गीत एका अवताराला वाहिलेले आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. या काळात बँडमध्ये स्वतंत्र कीबोर्डवादक नव्हता. संच चार जणांचा होता. कोकणातील ‘दशावतार’ या लोकनाट्याशी अल्बमचा संबंध नाही. समानता नावापुरती व पौराणिक विषयापुरती आहे.

संगीत

या अल्बममध्ये सतार, बासरी आणि भारतीय तालवाद्ये यांचा वापर आढळतो. मेटल आणि भारतीय वाद्ये यांचा मेळ घालताना दोन प्रश्न उद्भवतात. पहिला प्रश्न नादाचा आहे. सतारीचे सौंदर्य तरफेच्या तारांच्या सूक्ष्म अनुनादात असते आणि फाटक्या नादाच्या गिटारपुढे तो झाकोळला जातो. त्यामुळे अशा रचनांत भारतीय वाद्यांना गाण्याचा आरंभ, विराम किंवा संथ भाग देण्याची पद्धत रूढ आहे. दुसरा प्रश्न स्वरांचा असून तेथे मात्र दोन्ही परंपरा एकमेकींच्या जवळ येतात. मेटलमध्ये वारंवार वापरला जाणारा फ्रिजियन हा पाश्चात्त्य स्वरसमूह हिंदुस्थानी संगीतातील भैरवी थाटाशी जुळतो. दोहोंत रिषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे स्वर कोमल असतात. अर्थात, केवळ स्वर जुळल्याने राग सिद्ध होत नाही. स्वरांचे चलन, वादी-संवादी आणि न्यास यांशिवाय राग उभा राहत नाही. म्हणून या अल्बमला रागसंगीत न म्हणता, भारतीय नादाने अलंकृत झालेले मेटल म्हणणे अधिक अचूक ठरते.

विषय

राक्षसाचे नाव धारण करणाऱ्या बँडने विष्णूच्या अवतारांवर अल्बम करावा, हे वरवर पाहता विसंगत वाटते. तथापि, अवतारकथांपैकी अनेकींच्या केंद्रस्थानी असुर किंवा अधर्मी राजाशी झालेला संघर्ष आहे. वराह व हिरण्याक्ष, नरसिंह व हिरण्यकशिपू, राम व रावण, कृष्ण व कंस या जोड्या त्याची साक्ष देतात. प्रलय, समुद्रमंथन आणि युगान्त हे प्रसंगही मेटलच्या भव्य, भीषण शैलीला अनुकूल आहेत. आधीच्या अल्बममधील काल्पनिक राक्षस आणि युद्धे यांची जागा येथे भारतीय पुराणकथांनी घेतली. संघर्षाचे सूत्र मात्र तेच राहिले.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय शिल्पांतूनही परिचित आहे. वेरूळचे १५ क्रमांकाचे लेणे ‘दशावतार लेणे’ म्हणून ओळखले जाते, तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील दैत्यसूदन मंदिर लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे आहे. मात्र अवतारांची यादी आणि त्यांचा अर्थ यांबाबत सर्वत्र एकमत नाही. काही परंपरांत बलरामाचा समावेश होतो. महाराष्ट्रात नवव्या अवताराच्या जागी काही ठिकाणी विठ्ठल दाखविला जातो. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत बौद्धांना मान्य नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एका प्रतिज्ञेत हे मत स्पष्टपणे नाकारलेले आहे. वामनकथेबाबतही असाच मतभेद आढळतो. महात्मा जोतीराव फुले यांच्या मांडणीत बळी हा न्यायी व प्रजाहितदक्ष राजा आहे, आणि मराठी शेतकरी आजही ‘बळीराजा’ या नावाने संबोधला जातो. बँडने स्वीकारलेली दहा नावांची यादी ही प्रचलित पौराणिक यादी असून ती अनेक यादींपैकी एक आहे, याची नोंद अभ्यासकाने घेणे आवश्यक आहे.

ध्वनीतील बदलाचा आढावा

बँडच्या वाटचालीचे चार टप्पे करता येतात.

* पहिला टप्पा (२०००–२००४): परदेशी मेटलचे अनुकरण, मर्यादित साधने आणि स्वतः मुद्रण करण्याचे शिक्षण.
* दुसरा टप्पा (२००५–२०१०): कीबोर्डप्रधान, सिम्फनिक ध्वनी, लांबलेल्या आणि गुंतागुंतीच्या रचना.
* तिसरा टप्पा (२०१०–२०१४): परदेशी महोत्सवांचा अनुभव, गिटार आणि ड्रम यांना प्राधान्य, एकसंध कथा.
* चौथा टप्पा (२०१७ व पुढे): भारतीय पुराणकथा आणि वाद्ये यांचा स्वीकार.

या क्रमात एक गोष्ट ध्यानात येते. भारतीय वाद्यांचा वापर बँडने आरंभीच केला नाही. त्यासाठी सतरा वर्षे गेली. ‘भारतीय बँड असूनही भारतीय नाद का नाही?’ हा प्रश्न भारतातील रॉक व मेटल बँडना नेहमी विचारला जातो. इंग्लंडच्या किंवा जर्मनीच्या बँडला त्याच्या देशाचे लोकवाद्य वापरण्याची अट सहसा घातली जात नाही. भारतीय बँडपुढे मात्र ती अनेकदा ठेवली जाते. डिमॉनिक रिझरेक्शनने प्रथम या संगीतप्रकारावर प्रभुत्व मिळवले, परदेशात मान्यता मिळवली आणि त्यानंतर भारतीय विषय हाताळला. त्यामुळे ‘दशावतार’ मधील सतार ही ओळख पटवून देण्याची निकड म्हणून नव्हे, तर विषयाची गरज म्हणून येते.

जर्मन थ्रॅश मेटलशी तुलना

ध्वनी बदलण्याची प्रक्रिया सर्वत्र सारखी नसते. जर्मनीतील एसेन या औद्योगिक शहरातील क्रिएटर हा बँड तुलनेसाठी उपयुक्त आहे. मिले पेट्रोझा यांच्या नेतृत्वाखालील या बँडने ‘एंडलेस पेन’ (१९८५) आणि ‘प्लेझर टू किल’ (१९८६) या अल्बममध्ये अतिशय द्रुत थ्रॅश सादर केले. ‘रिन्यूअल’ (१९९२) मध्ये तो यंत्रवत्, इंडस्ट्रियल नादाकडे वळला, तर ‘एंडोरामा’ (१९९९) मध्ये संथ व उदास गॉथिक शैलीकडे. ‘व्हायोलंट रिव्होल्यूशन’ (२००१) मध्ये त्याने पुन्हा थ्रॅशचा अवलंब केला. क्रिएटरचा प्रवास अशा प्रकारे दूर जाऊन मुळाकडे परतण्याचा आहे. डिमॉनिक रिझरेक्शनचा प्रवास याहून वेगळा आहे. त्याचे मूळ दुसऱ्या भूमीत होते. म्हणून ‘परत जाणे’ याऐवजी मिळालेल्या भाषेत स्वतःची कथा सांगण्यास शिकणे, असे त्याचे स्वरूप राहिले.

पुराणकथांच्या बाबतीतही बँड एकटा नाही. सिंगापूर येथील रुद्र हा १९९२ मध्ये स्थापन झालेला बँड ‘वैदिक मेटल’ या नावाने ओळखला जातो. स्वीडनमधील अमोन अमार्थ या बँडने नॉर्स पुराणकथांवर दीर्घकाळ गीते रचली आहेत.

मुंबईतील समकालीन बँड

डिमॉनिक रिझरेक्शनच्या बरोबरीने मुंबईत अनेक मेटल बँड कार्यरत झाले. सेप्टर (स्थापना १९९८) हा थ्रॅश मेटल वाजवणारा बँड आहे. भयानक मौत या बँडने हिंदी नाव धारण केले. स्क्राइब या बँडने ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) या अल्बमच्या नावासाठी ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या हिंदी चित्रपटातील खलनायकाचा आधार घेतला. झिग्नेमा हा ग्रूव्ह व थ्रॅश शैलीचा बँडही याच पिढीतील होय. विनोद, चित्रपट, शहरी जीवन आणि पुराणकथा अशा निरनिराळ्या वाटांनी या बँडनी मेटलला स्थानिक रूप दिले.

साहिल मखिजा यांचे अन्य कार्य

भारतात केवळ मेटल संगीतावर चरितार्थ चालवणे कठीण असल्याने या क्षेत्रातील कलावंत एकाच वेळी अनेक कामे करतात. मखिजा यांनी रेप्टिलियन डेथ हा डेथ मेटल बँड आणि वर्कशॉप हा विनोदी रॉक बँड चालवला. ‘खूनी मुर्गा’ हा वर्कशॉपचा अल्बम होय. ‘डीमनस्टीलर’ या नावाने त्यांनी ‘अँड केऑस विल रेन’ (२००८), ‘धिस बर्डन इज माइन’ (२०१६), ‘द लास्ट रेप्टिलियन वॉरियर’ (२०१८) आणि ‘द प्रोपगंडा मशीन’ (२०२३) हे एकल अल्बम प्रकाशित केले. ‘हेडबँगर्स किचन’ हा त्यांचा आंतरजालावरील पाककृतींचा कार्यक्रम मेटलच्या श्रोत्यांबाहेरही लोकप्रिय झाला.

प्रमुख सदस्य

* साहिल मखिजा – गायन, गिटार (२००० पासून)
* निशिथ हेगडे – गिटार
* अश्विन श्रीयान – बास गिटार
* वीरेंद्र कैथ – ड्रम
* मेफिस्टो – कीबोर्ड (माजी सदस्य)
* डॅनियल रेगो – गिटार (माजी सदस्य)
* हुसैन बंदूकवाला – बास गिटार (माजी सदस्य)

ध्वनिमुद्रणे

* डीमनस्टीलर (२०००)
* अ डार्कनेस डिसेंड्स (२००५)
* बियॉन्ड द डार्कनेस (लघुमुद्रण, २००७)
* द रिटर्न टू डार्कनेस (२०१०)
* द डीमन किंग (२०१४)
* दशावतार (२०१७)